चिनोजवर बूट: रंगाच्या तक्त्याआधी मोहरी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिनोजवर, म्हणजे तिरक्या विणीच्या सुती पँटींवर, कोणते बूट घालावेत, याबद्दलचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लेखासोबत तक्ता होता. एका बाजूला पँटचा रंग, दुसऱ्या बाजूला बुटाचा. बेजवर तपकिरी, नेव्हीवर टॅन, ऑलिव्हवर पांढरे स्नीकर्स, काळ्यावर काळे. तक्ता वाईट नव्हता. पण तो कापून खिशात घातला आणि कुणी बूट घ्यायला निघालं, तर तपकिरी रंगाचं जे काही हाताला लागेल ते घेऊन येईल. तपकिरी ऑक्सफर्ड, तपकिरी लोफर आणि तपकिरी रनिंग शूज यांचा रंग एक असला तरी चिनोजशी त्यांचं जमणं-न जमणं अगदी वेगळं आहे. लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही, म्हणून हे पत्र.

मी अल्टरेशनचं काम करते. नवं शिवत नाही, लोकांनी तयार आणलेले कपडे त्यांच्या मापाचे करून देते. त्यात पँटी जास्त, आणि पँटींत हल्ली चिनोज जास्त. माझा एक नियम आहे आणि त्यावरून गिऱ्हाइकं माझ्याशी हमखास वाद घालतात: बूट आणल्याशिवाय मी लांबीची खूण करत नाही. "काकू, जुन्या पँटच्या मापाने करून टाका ना!" ती जुनी पँट बहुतेक वेळा जीन्स असते, तिची मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, वेगळी असते आणि ती दुसऱ्याच बुटांवर घातलेली असते. तिचं माप घेऊन मी काय करू? मग कुरकुरत का होईना, बूट येतात. तोंडात टाचण्या धरून जमिनीवर बसलं की माणसाचा चेहरा दिसत नाही, दिसतात फक्त मोहरी आणि बूट. त्या दोघांचं पटतंय की नाही, हे तिथून जितकं स्वच्छ कळतं तितकं आरशात कळत नाही. आरशात माणूस स्वतःचं पोट बघतो.

चिनोजचं कापड सुती, तिरक्या विणीचं, म्हणजे ट्विल. जवळून पाहिलं तर अंगावर बारीक तिरप्या रेषा दिसतात. लोकरीच्या फॉर्मल पँटशी लोक त्याची गल्लत करतात, कारण दोन्हींचे खिसे तिरके आणि दोन्हींना इस्त्री लागते. हाताला मात्र फरक लगेच लागतो. लोकरीचा धागा लवचिक असतो, दबला तरी पूर्वपदावर येतो, आणि कापड आपल्या वजनाने सरळ खाली पडतं. सुताला घडी पडली की पडली. त्यात चमक नसते, आणि वापरात गुडघ्यापाशी, खिशाच्या कडेला, मोहरीच्या दुमडीवर रंग विटत जातो. चांगल्या चिनोजला हे विटणं शोभतं, कारण हे कापड मुळात शिपायांच्या अंगावर वाढलेलं आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८४० च्या दशकात उभारलेल्या कोअर ऑफ गाइड्स या पलटणीने धुळीच्या रंगाचे कपडे आधी वापरले. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धाच्या सुमाराला अमेरिकी सैन्यातही खाकी सुती कपडे आले. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्यातून परतलेली मुलं सरकारी मदतीवर कॉलेजांत शिकायला गेली, ती हीच पँट घालून. तेव्हापासून ती सगळ्यांची झाली.

आता तिच्याखाली शोभणाऱ्या बुटांकडे या. पॉल स्पेरी या अमेरिकी माणसाला बोटीच्या ओल्या डेकवर पाय घसरण्याची धास्ती होती. आपला कुत्रा बर्फावरून न घसरता पळतोय हे त्याच्या लक्षात आलं, आणि पंजाच्या तळव्यावर असतात तशा बारीक चिरा त्याने रबराच्या सोलवर पाडल्या. ते बोट शूज १९३५ चे. दुसऱ्याच वर्षी, १९३६ मध्ये, जी. एच. बास कंपनीने नॉर्वेत शेतकऱ्यांच्या वापरात असलेल्या, बिनलेसच्या साध्या बुटावरून लोफर काढला. पुढच्या आडव्या पट्टीत फट असलेला तो पेनी लोफर. डेझर्ट बूट १९५० चा. क्लार्क्स घराण्यातला नेथन क्लार्क युद्धकाळात ब्रह्मदेशात होता. तिथे अधिकाऱ्यांच्या पायांत त्याने कैरोच्या बाजारात बनवून घेतलेले सुएड चामड्याचे साधे घोट्यापर्यंतचे बूट पाहिले, त्यावरून हा बूट निघाला. डेक, शेत-शिवार आणि वाळवंट. बूट तिन्ही मऊ, तिन्हींत ताठ कवच जवळजवळ नाही, आणि तिन्ही उन्हापाण्यात चालायला केलेले. पँटही तशीच, बूटही तसेच. त्यांचं जमतं यात रंगाचा वाटा फार थोडा.

काळा, टोकापर्यंत चकचकीत पॉलिश केलेला ऑक्सफर्ड म्हणूनच खटकतो. ऑक्सफर्डमध्ये लेस ओवायच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या चामड्याच्या खाली शिवलेल्या असतात. लेस ओढली की त्या मिटतात आणि बूट एकसंध, बंद दिसतो. सूटखाली तो हवाच. लोकरीची धारदार घडी सरळ त्याच्यावर उतरते. चिनोजखाली मात्र वरचा माणूस फिरायला निघालाय आणि खालचा मुलाखतीला, असं काहीतरी होतं. डर्बीमध्ये त्याच पट्ट्या पुढच्या चामड्याच्या वरून शिवलेल्या असतात, दोन झडपांसारख्या उघडतात. पावलाचा वरचा उंचवटा ज्यांचा जास्त आहे, त्यांना ऑक्सफर्ड आवळतो आणि डर्बी सोसवतो, हा जास्तीचा फायदा. दुकानात या दोघांना सरसकट 'फॉर्मल' म्हणतात. तुम्ही लेसच्या खालच्या टोकाकडे बघा. तिथे पट्ट्या वरून चढलेल्या असतील तर डर्बी.

एकच चामड्याचा जोड घेऊ शकत असाल, ऑफिस, लग्नसमारंभ आणि सुट्टीचा दिवस सगळं त्यावरच काढायचं असेल, तर माझं मत गडद तपकिरी, साध्या तोंडाचा, रबरी सोलचा डर्बी घ्यावा असं आहे. नक्षीची भोकं असलेला ब्रोगही चालेल. भोकाभोकांची ती नक्षी ओल्या दलदलीत चालणाऱ्यांच्या बुटांवरून आलेली मानतात, त्यामुळे चिनोजखाली ती साध्या डर्बीइतकीच मोकळी वाटते. पण ब्रोग लक्षात राहतो. रोज तोच घातला की चार लोकांना कळतं. साधा डर्बी कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

आता माझ्या हातातली गोष्ट, मोहरी. लेखात ती नव्हतीच.

पँट सपाट पसरून मोहरी आडवी मोजतात. हल्लीच्या स्लिम चिनोजची साडेसहा-सात इंच भरते, सरळ कापाच्या पँटची आठ किंवा त्याच्या वर. पुरुषाचा मध्यम मापाचा बूट बाहेरून बाराएक इंच लांब असतो. मोहरी बुटाच्या लांबीच्या साधारण दोन-तृतीयांश असली की पाय आणि पाऊल एकमेकांना शोभतात, असा माझा अंदाज आहे. बाराला आठ. साडेसहा इंच मोहरीखालून टोकदार, लांब नाकाचा बूट बाहेर आला की काडीला होडी बांधल्यासारखं दिसतं. अशा वेळी गिऱ्हाइकाला वाटतं बूट वाईट आहे. बूट चांगला असतो, पँटही चांगली असते, दोघांची गाठ चुकलेली असते. अरुंद मोहरी आवडत असेल तर बूट आखूड, गोल तोंडाचा आणि हलका निवडा: लोफर, सपाट स्नीकर, बोट शूज. जाड सोलचा ब्रोग किंवा घोट्यापर्यंतचा बूट घालायचा असेल तर मोहरी साडेसातच्या खाली नको. डेझर्ट बूट आणि त्याच घडणीच्या चका बुटाचा गळा घोट्यापर्यंत येतो. त्यावर अरुंद मोहरी अडकून बसते, चालताना वर सरकते आणि मग खाली उतरतच नाही. चार पावलं चाललं की माणूस वाकून पँट खाली ओढतो.

लांबीचंही तेच. लोकरीच्या पँटला बुटावर एक हलकी मोड येऊ द्यायची जुनी रीत आहे, आणि ती तिथे छान दिसते, कारण कापड आपोआप सरळ होतं. सुती कापडाचा जास्तीचा एक इंचही तसा उतरत नाही, त्याच्या चुण्या घोट्यापाशी साचतात. चिनोजची मोहरी बुटाच्या वरच्या चामड्याला जेमतेम टेकावी, किंवा किंचित वरच थांबावी. लोफरवर वर थांबली तरी चालते, डर्बीवर टेकलेली बरी, घोट्यापर्यंतच्या बुटावर तर बुटाचा गळा दिसू नये इतकी खाली यायलाच हवी. म्हणजे एकाच माणसाची, एकाच मापाची पँट बुटाप्रमाणे बोट-दीड बोट वरखाली होते. शिवाय सोलची जाडी. काही स्नीकर्सचा सोल टाचेखाली डर्बीच्या टाचेपेक्षाही उंच असतो, बोट शूज जवळजवळ सपाट. म्हणून म्हणते, बूट आणा. दोन जोड आलटून पालटून घालणार असाल तर जो आठवड्यात जास्त दिवस पायात असेल तो आणा, आणि दुसऱ्यासाठी मोहरी बाहेरून एकदा दुमडा. चिनोज हे खुशाल करू देते. लोकरीच्या पँटला मी करू देणार नाही.

मोहरीला कायमची दीड इंचाची बाहेरची पट्टी हवी, असंही काहीजण सांगतात. त्या पट्टीच्या वजनाने मोहरी छान बसते आणि लोफरवर ती उठून दिसते. उंची कमी असलेल्यांना मी नको म्हणते, आडवी रेघ पाय तोडते.

लेख पुरुषांनाच उद्देशून होता, हे सांगायला हवं. चिनोज मी स्वतः घालते, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी घालतात. उलट बूट आणि लांबीचा प्रश्न आमच्याकडे जास्त बिकट आहे. पुरुषांच्या बुटांची टाच इंचभर इकडेतिकडे होते. आमच्याकडे सकाळी सपाट बॅले फ्लॅट आणि संध्याकाळी अडीच इंचांची टाच. तीच पँट एकावर जमिनीवर लोळते आणि दुसऱ्यावर पोटरी दाखवते. माझा सल्ला असा की चिनोज सपाट बुटांसाठीच ठेवावी आणि घोट्याच्या हाडाच्या किंचित वर कापावी. लोफर, फ्लॅट, पांढरे स्नीकर, तिन्हींवर ती लांबी चालते. टाचेसाठी दुसऱ्या कापडाची पँट घ्या. सुती ट्विल टाचेवर ताठ उभी राहते, पडत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात, कारण लेखात बरंच आहे. 'बेजवर तपकिरी' हे अर्धं खरं. बेजला अगदी लागून असलेला फिका टॅन घेतला तर पँट आणि बूट जुळवायला गेले आणि थोडक्यात हुकले असं दिसतं. दोन-तीन छटा अंतर ठेवा, कॉफीसारखा गडद तपकिरी घ्या किंवा लालसर मरून. काळा बूट फिकट चिनोजखाली नको वाटतो तो अंगावरचं सगळ्यात फिकं आणि सगळ्यात गडद घोट्यापाशीच एकमेकांवर आदळतं म्हणून. गडद नेव्ही किंवा कोळशी राखाडी पँटवर तोच काळा लोफर संध्याकाळी देखणा दिसतो. नेव्ही सगळ्यात सोसणारा रंग, त्याखाली तपकिरीची कुठलीही छटा घाला. ऑलिव्हवर पांढरे स्नीकर्स चालतात हे मान्य, पण तंबाखूच्या रंगाचं सुएड लावून बघा. दोन्हींचा पृष्ठभाग विनाचमक आहे, म्हणून ते कापडाचंच पुढे चालू राहिल्यासारखं वाटतं. सुएड म्हणजे कातडीची आतली, तंतूंची बाजू, त्यामुळे त्यावर पॉलिश लावायचं नसतं, ब्रश मारायचा. ओलं झालं तर कागद कोंबून सावलीत वाळवा, हीटरजवळ नको. आणि पट्टा बुटाशी तंतोतंत जुळवायचा हट्ट सूटसाठी ठेवा. तपकिरीच्या जवळपास तपकिरी असला की पुरे.

स्नीकर्सवर मला एवढंच म्हणायचंय की सपाट, एकरंगी, चामड्याचे किंवा कॅनव्हासचे स्नीकर्स आणि पळायचे बूट यांत फरक करा. पळायच्या बुटाची टाच मागे फुगलेली, वर जाळी, कडेला चार रंगांच्या रेघा. तो पळण्यासाठी उत्तम आहे. चिनोजची मोहरी त्याच्या फुगीर टाचेवर अडते आणि मागून पँट उचललेली दिसते. ऑफिसात सगळे तेच घालतात, हे मी पाहते. ज्यांना टाचेचं किंवा गुडघ्याचं दुखणं आहे, डॉक्टरांनी मऊ सोल सांगितलाय, त्यांना मात्र मी एका शब्दाने टोकत नाही. त्यांच्यासाठी तेच बूट पूर्ण काळ्या किंवा गडद राखाडी रंगात मिळतात, मी त्यावर मोहरी आठ इंच ठेवून देते आणि टाच झाकली जाते. पायाला त्रास देऊन कसली आलीय शोभा.

मोजे पँटच्या रंगाचे, बुटाच्या नव्हे. बसल्यावर नडगी दिसणार नाही इतके उंच. लोफरमध्ये मोजे नको असतील तर न दिसणारे आखूड मोजे घाला. उघड्या पायाचा घाम चामडं खातं. चामड्याचा जोड सलग दोन दिवस घालू नका, आतला दमटपणा निघून जायला एक दिवस लागतो.

बूट घेताना संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. ज्या मोज्यांवर वापरणार तेच घालून घ्या, आणि दोन्ही पायांत घालून चाला. दोन पावलं सहसा सारखी नसतात, मोठ्याचं माप धरा. इंग्रजी मापात एका नंबरचा फरक म्हणजे फक्त एक-तृतीयांश इंच, पण लोफरमध्ये तेवढाही पुष्कळ होतो. आवळायला लेस नसते आणि चामडं वापराने रुंदीला सैल पडतं, लांबीला नाही. म्हणून नवा लोफर पावलाला थोडा घट्टच हवा, बोटं मात्र पुढे टेकता कामा नयेत. चवड्यापाशी बूट जिथे वाकतो ती जागा तुमच्या चवड्याच्याच रेषेत येते का, हेही बघा. सोल शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, हेही विचारा. शिवलेला असेल तर झिजल्यावर नवा बसवून घेता येतो. चिकटवलेला निघाला की पुष्कळदा बूटच टाकावा लागतो.

पुढच्या वेळी पुरवणीत पँटवर लिहाल तेव्हा मॉडेलचा फोटो कृपा करून घोट्याच्या खालपर्यंत, बुटासकट छापा, आणि एक तरी फोटो बसलेल्या माणसाचा घ्या. उभ्या माणसाची पँट सगळ्यांचीच बरी दिसते.

कळावे,
आपली,
अल्टरेशनचं काम करणारी एक वाचक

ता. क. नवी सुती चिनोज लांबी करायला देण्याआधी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून न्या. सूत पहिल्या धुण्यात आटतं. लेबलवर काहीही लिहिलेलं असलं तरी मी धुवूनच आणायला सांगते. आणि जो कुणी मोहरी करणार असेल त्याला आत दीड इंच कापड सोडायला सांगा, कापून टाकू देऊ नका. पुढे जाड सोलचे बूट घेतलेत तर उसवून लांबी वाढवता येते. तीही लवकर वाढवा, कारण वर्षभर वापरलेल्या चिनोजवर जुन्या दुमडीची फिकी रेघ उमटते, ती इस्त्रीने जात नाही.